खुर्चीबाय आणि दरबारची जपानी खुर्ची

आमची खुर्चीबाय खुर्चीत जन्मली. मरताना मात्र त्याच खुर्चीत बसायला तिनं साफ नकार दिला.

परवा सकाळी गेली. नव्वदीच्या पुढं होती. नक्की किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या आज्याची थोरली बहीण. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर लहानथोर तिला खुर्चीबायच म्हणायचे. खरं नाव मतदान कार्डावर नुसतं पडून होतं.

माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या प्रत्येक पॅसेंजरला ही गोष्ट ऐकावी लागलीय. आज तुम्ही ऐका.

जव्हार संस्थानाचा काळ. उन्हाळ्यात दरबारचे पाहुणे हवापालटाला सूर्यमाळला आलेले. सामान डोक्यावरून वर चढवायला आमचेच लोक. त्यात माझा पणजा, देवजी.

सामानात मुंबईहून आणलेल्या वेताच्या खुर्च्या होत्या. जपानी घाटाच्या. बुटक्या, गोल पाठीच्या, रुंद हातांच्या. आणि वजनाला इतक्या हलक्या की पणज्याला वाटलं, साहेब लोक यात बसतात तरी कसे?

त्यानं त्या डोक्यावरून आणल्या. त्यात बसायची मात्र टाप नव्हती.

इकडं झोपडीत पणजी अडलेली. पहिलटकरीण. कळा येऊन येऊन थकली, पण पोर काही उतरेना.

सुईण म्हणाली, "माझ्या हातात आता काय नाय. खाली मोखाड्याला दरबारचा डाक्टर आलाय, तिथं ने. नाय तर दोन्ही जीव जातील."

झोळीत घातली, तर झोळीत बाई दुमडते. पणजीला श्वास घेता येईना.

पणजा तडक तंबूकडं गेला. पाहुणे शिकारीला गेलेले, खुर्च्या सावलीत मांडलेल्या. त्यानं एक उचलली, दोन्ही बाजूंना बांबू बांधले आणि बायकोला त्यात बसवलं.

विचारलं कुणालाच नाही. विचारणार कुणाला?

भावकीतल्या चौघांनी खांदा दिला. पणजी खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसलेली, शेजारून सुईण धावतेय, भर उन्हात उतार चाललाय.

अर्ध्या वाटेत, मोहाच्या झाडाखाली, सुईण ओरडली, "ठेवा खाली. आणि तिकडं तोंड करा."

पुरुषांनी डोंगराकडं तोंड केलं. थोड्या वेळानं मागून रडणं ऐकू आलं.

ती आमची बाय.

डॉक्टर राहिला मोखाड्यात. वरात अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरली.

आता खुर्ची परत करायची होती. पणज्यानं ओढ्यावर नेऊन घासून घासून धुतली, डोक्यावर घेतली आणि कारभाऱ्यासमोर नेऊन ठेवली. फटके नक्की पडणार, म्हणून बंडी आधीच काढून ठेवली होती. एकच बंडी होती बिचाऱ्याकडं.

कारभाऱ्यानं विचारलं, "ओली कशी ही?"

पणज्याला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं.

कारभारी चार पावलं मागं सरकला. "सुवेरातली खुर्ची पाहुण्यांपुढं मांडू? विटाळ झाला की रे. उचल आधी. घरी ने, आणि परत इकडं आणू नको."

पणजा तिथंच उभा. "मंग मारणार नाय?"

"अरे, जा की."

बाळंतपणाचा विटाळ असा आमच्या कामी आला. दरबारची जपानी खुर्ची नाचणीच्या कणगीशेजारी येऊन बसली.

पाड्यानं तर उलटंच धरलं. पहिलीच बाई हिच्यातून धड उतरली, पोर पण जगलं, म्हणजे खुर्ची पायगुणाची. मग कुणीही अडलं की खुर्ची निघायची. आणि बायला कळायला लागल्यापासून, सोबत बाय. छत्री धरून पुढं चालणार आणि खांदेकऱ्यांना शिव्या घालणार. "नीट चाल रं भाड्या, आत बाई हाय, कांद्याचं पोतं नाय."

वेत तुटला की बाय बांबूच्या पट्ट्यांनी पुन्हा विणायची.

मध्ये मुंबईचा एक अँटिकवाला आला होता. उलटीपालटी करून म्हणाला, "आजी, फ्रेम व्हिंटेज आहे, पण सीट ओरिजनल नाही."

बाय म्हणाली, "माझं दात तरी कुठं ओरिजनल हायेत? इकायची नाय ती. चहा पी आन जा."

मी जीप घेतली तेव्हा मिरवत दाखवायला गेलो. म्हटलं, बाय, आता तुझी खुर्ची रिटायर.

"पाड्यापर्यंत येते का तुझी जीप?"

नाही येत. शेवटची चढण अजून पायीच आहे.

गेल्या आठवड्यात बायला धाप लागली. जव्हारला न्यायचं ठरलं. मी खुर्ची बाहेर काढली, बांबू बांधायला घेतले.

तिनं बांबूच धरला.

"मी काय आता माघारी येत नाय. वाटंत त्यातच गेले, तर उद्या तुझी सुमन बसंल का तिच्यात? सुवेराची खुर्ची हाय ती. तिला सुतक लावू नको."

सुमन म्हणजे माझी बायको. दिवस भरत आलेत तिचे.

मी बांबू सोडून ठेवले. बायला पाठीवर घेतलं. खुर्चीपेक्षाही हलकी झाली होती. सगळा उतार ती माझ्या कानाशी पुटपुटत होती, "नीट चाल रं भाड्या."

दवाखान्यात सलाईन लागलं. परवा सकाळी संपलं सगळं.

तिरडी साध्या बांबूची केली. तिनं सांगितलं होतं तशीच.

आज खुर्ची ओढ्यावर नेऊन धुतली. दारात उन्हात वाळतेय. फोटो टाकलाय. सुमन आत्ताच खुर्चीत बसून बघून आली. म्हणाली, "कुरकुरते, पण धरते."

घरात सुतक आहे. खुर्चीला नाही.

बाय, जप. पाड्यावरच्या सगळ्या पोरांचा तुला रामराम.