लुगड्याचा सदरा

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी लोहाऱ्यात हायस्कुलाच्या इमारतीची पायाभरणी झाली. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. मुलांना रांगेत बसवणं आणि पाहुण्यांच्या खुर्च्या पुसून ठेवणं एवढं माझ्याकडं होतं. प्रमुख वक्ते होते सत्तेतल्या पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष. मोठे जमीनदार. दारात बारा बैल, घरात नोकरचाकर. भाषण ते नेहमी कागदावरून वाचत. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, कागद उलगडला आणि म्हणाले, "माझी आई दुसऱ्यांच्या घरी दळण दळत होती."

मंडप शांत झाला. मीही शांत झालो, पण माझं कारण वेगळं होतं. ते वाक्य मी लिहिलेलं होतं.

काही महिन्यांपूर्वी उस्मानाबादहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात माझा आईवरचा लेख छापून आला होता. वडील लवकर गेले, आईनं दळणं दळून मला वाढवलं. अंगात सदरा असल्याशिवाय शाळेत घेईनात, म्हणून तिनं आपलं एकुलतं एक लुगडं फाडून मला सदरा शिवला आणि पुढं वर्षभर आखूड लुगड्यात, पाठ भिंतीकडं करून वावरली. असा तो लेख. अध्यक्षांनी त्यातलं काहीच सोडलं नाही. छापताना एक ओळ चुकून दोनदा पडली होती, तीही त्यांनी दोनदा वाचली. लोकांना वाटलं, साहेबांना गहिवरून आलं. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या.

त्या बायकांत माझी आई बसली होती. घरी येताना ती म्हणाली, "त्यांच्यात बी दळणं दळायचे व्हय? मला वाटलं गडीमाणसं हायेत."

"आई, ते तुझंच सांगत होते."

"माझं? मला तर कधी भेटले न्हाईत."

आईला वाचता येत नव्हतं. आणि लेख मी तिला वाचून दाखवला नव्हता.

माझा एक मित्र होता. बाजारपेठेत त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, सगळे त्याला टेलर म्हणत. तो विरोधी पक्षाचा गावातला सगळ्यात कडवा माणूस. मीही मनातून त्याच पक्षाचा, पण शिक्षक असल्यामुळं तेवढ्यावर थांबलेला. साप्ताहिकाचा अंक त्याच्या दुकानात होताच. पायाभरणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन बंद ठेवलं आणि लेखाच्या एकेका ओळीखाली खडूनं रेघ ओढली.

"गुरुजी, ही चोरी हाय," तो म्हणाला. "बैल चोरला तर माणूस तुरुंगात जातो. यांनी आई चोरली."

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं वेशीजवळ सभा घेतली. लेखातलं एक वाक्य तो वाचायचा, मग अध्यक्षांच्या भाषणातलं तेच वाक्य. ऐकणाऱ्यांना एकच वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं, तरी कुणी हललं नाही. शेवटी टेलर म्हणाला की ज्याला स्वतःची आई सांगता येत न्हाय, तो तालुक्याचं काय सांगणार. टाळ्या पडल्या. मी सभेला गेलो नव्हतो. पलीकडच्या गिरणीच्या ओट्यावर उभा राहून ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांचे मेहुणे शाळेत आले. पक्षाचं सगळं कामकाज तेच बघत. भाषणंही तेच लिहून देत. माझ्या खुर्चीवर बसून ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, चांगलं लिहिलं होतं म्हणून घेतलं. वाईट असतं तर कुणी घेतलं असतं का? आणि आई काय एकट्याची असती? आई सगळ्यांची."

मी म्हणालो, "माझं काही म्हणणं नाही."

"मग ते टेलरला सांगा."

टेलरला मी काही सांगितलं नाही. पण तोवर तिकडं अध्यक्षांच्या घरात वेगळंच चाललं होतं. अध्यक्षांची आई हयात होती. त्या स्वतः सभांना येत नसत, पण गावातल्या बायका आता त्यांच्याकडं जाऊन हळहळू लागल्या होत्या. कुणीतरी म्हणे त्यांच्यासाठी जुनं लुगडंही घेऊन गेलं. म्हातारीनं गडी पाठवून माझ्या आईला बोलावून घेतलं.

आई तासाभरानं परत आली. चेहरा जसा गेला तसाच.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"रडत व्हत्या. म्हणाल्या, माझ्या धन्यानं मला कशाची कमी केली न्हाय, आन् पोरगं मांडवात सांगतंय की आईनं लुगडं फाडलं. म्हणाल्या, बाई, फाडलं ते तुम्ही. तुम्ही माझ्या पोराला जरा सांगा."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हणलं, म्या बी फाडलं न्हाय."

आई पाय पसरून बसली आणि गुडघे चोळत म्हणाली, "ते तुझ्या मावशीनं फाडलं. ईट गावच्या. तिच्या पोरासाठी. तुला सदरा तुझ्या मामानं आणला व्हता, भूमच्या बाजारातून. तू इसरलास का?"

विसरलो नव्हतो. आईचं दळण खरं होतं, पण लिहायला बसलो तेव्हा नुसत्या दळणाचा लेख अर्ध्या पानाच्या पुढं सरकेना. लुगड्याची गोष्ट लहानपणी मावशीच्या घरी ऐकलेली. ती आपल्या आईच्या अंगावर घातली आणि लेख पुरा झाला. संपादकांनी कळवलं होतं की शेवट काळजाला भिडतो.

तसाच उठून टेलरकडं गेलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो पायजम्याला काज करत होता. सुई थांबली, पण फार वेळ नाही.

"मला शंका आलीच होती," तो म्हणाला. "लुगड्याचं कापड झिजलेलं असतं, सदऱ्याची शिवण धरत न्हाय. पण आता मागं फिरता येत न्हाय. पत्रकं छापायला गेलीत."

"अहो, पण मग मी तरी काय वेगळं केलं?"

"तुमचं ते साहित्य. त्यांची ती चोरी. आणि हे पुन्हा कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. पत्रकं वाटली गेली. अध्यक्षांच्या आईनं पुढं काय केलं ते कळलं नाही, पण अध्यक्षांनी त्यानंतर दोन-तीन वर्षं सगळी भाषणं खतं आणि विहिरी यांच्यावरच केली.

मग महाराष्ट्र झाला आणि त्यानंतरची पहिली निवडणूक आली. आमच्या पक्षानं बाहेरचा एक वकील उभा केला. तरुण, उंच, कागद न घेता बोलणारा. लोहाऱ्यातल्या सभेची सगळी व्यवस्था टेलरकडं. वकिलांनी आधी कुळकायदा घेतला, मग रस्ते, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "मित्रांनो, शाळेत घालायला मला सदरा नव्हता."

मी स्टेजकडं पाहिलं. टेलर तिथं सतरंजीवर मांडी घालून बसला होता. वकिलांच्या आईनं लुगडं फाडलं तेव्हा त्यानं मान हलवली, आणि ती पाठ भिंतीकडं करून वावरली तेव्हा सगळ्यात आधी टाळी त्यानंच वाजवली.

सभा संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "हे यांना कुणी सांगितलं?"

"मी पत्रक दिलं होतं वाचायला. मागचं. विरोधकांचं वर्तन कळावं म्हणून."

"मग ही चोरी नाही का?"

टेलरला खरोखरच नवल वाटलं. "गुरुजी, तुम्ही आपले, वकीलसाहेब आपले. घरातली वस्तू घरातल्या माणसानं घेतली तर चोरी कशी व्हईल?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचे मेहुणे पुन्हा शाळेत आले. या वेळी ते बसले नाहीत. त्यांच्या हातात निषेधाचा कागद होता, वर मथळा 'आईची चोरी'. खाली पंचवीस-तीस सह्या, पहिली अध्यक्षांची.

"गुरुजी, तुमच्या आईचा असा बाजार मांडला त्यांनी. आमचं रक्त उसळलं. सही करा."

मी कागद पुरा वाचला. भाषा चांगली होती, टेलरच्या जुन्या पत्रकातली होती. तो त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "आई काय एकट्याची असती? आई सगळ्यांची."

हे वाक्य पूर्वी आपणच म्हणालो होतो, ते त्यांना आठवलेलं दिसलं नाही. मला मात्र म्हणताना जराही अडखळायला झालं नाही. मत मी वकिलांनाच दिलं. ते पडले. टेलर आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की लोकांना आता नीतीची चाड राहिली न्हाय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मावशीकडं गेलो. लोहाऱ्याहून ईट म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. येरमाळ्याला मोटार बदलली, पोचायला दिवस मावळला. मावशी आईपेक्षा मोठी, पण ताठ. चुलीपुढं बसली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, दुसऱ्यांची जनावरं राखत होता. त्या सदऱ्यानं तो शाळेत गेला होता खरा, दोन महिने. मग सदरा पाठीत उसवला, सुगी आली आणि शाळा सुटली. ते मला ठाऊक होतं.

मी तिला सगळं सांगितलं. माझा लेख, अध्यक्षांचं भाषण, वकिलांचं भाषण. ती भाकरी थापत ऐकत होती.

"त्यात माझं नाव हाय का?"

"नाही, मावशी. कुणीच घेतलं नाही."

"पोराचं?"

"त्याचंही नाही."

तिनं तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "सदरा घालून पोरगा शिकला, असं सांगत्यात का?"

"हो. तिघांच्याही गोष्टीत शिकला. मोठा झाला."

मावशी भाकरी फुगायची वाट बघत बसली. मग म्हणाली, "बरं झालं."

मी माफी मागायला म्हणून गेलो होतो. काय बोलायचं ते मोटारीत जुळवूनही ठेवलं होतं. ते राहून गेलं. मावसभाऊ जनावरं बांधून आला, आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो. लोहाऱ्यात औंदा टाळकी ज्वारीचा दर काय, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हता.