थांबाची खूण

काडी कामावर रुजू झाला त्या पहिल्याच सकाळी सूर्य नाहीसा झाला. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आणि अचानक काडीवर, शिवाय आसपासच्या दोन-तीन खोल्यांएवढ्या जागेवर सावली पसरली. काडीने धावत जाऊन सिमेंटच्या चाळीस गोण्यांवर ताडपत्री ओढली, तिच्या कडांवर विटा ठेवल्या आणि तो पहिल्या थेंबाची वाट बघत उभा राहिला. थेंब काही पडला नाही. ढगच क्रेनच्या शिडीवरून एकेक पायरी खाली उतरला. शेवटच्या पायरीवरून त्याने उडी मारली, जमिनीने ती कशीबशी सोसली, आणि ढगाने विचारलं, "नवीन का रे तू? डब्यात काय आणलंयस?"

हा क्रेनचालक. बांधकामावर त्याला सगळे मजला म्हणत, कारण इमारतीच्या नकाशात नसलेला एक मजला तिथे रोज चढत-उतरत असे. काडी त्याचा खुणा करणारा. मजल्याला वरच्या केबिनमधून माल नेमका कुठे टेकतोय ते दिसत नसे, म्हणून काडी हाताने सांगे: उचल, फिरव, सावकाश. आणि उजवा हात खांद्याशी आडवा, तळवा जमिनीकडे, की थांब. या खुणेला मजल्याने त्या सकाळनंतरच्या वीस वर्षांत एकदाही हुं की चूं केलं नव्हतं. काडीचा हात आडवा झाला की मजल्याचे हात जागच्या जागी गोठत. आठ माणसं त्या सवयीमुळे जिवंत होती आणि त्यांतली दोन काडीकडे उधार विड्या मागत.

मग कंपनीचा नवा नियम आला. केबिनची खुर्ची एकशेदहा किलोंपर्यंतच. मजला भरला एकशे एकतीस. तीन महिन्यांत उतर, नाहीतर क्रेनवरून उतर.

मजल्याचा चेहरा पडला. साठ मीटर उंचीवरची ती काचेची खोली त्याला घरापेक्षा प्रिय होती. तिथून त्याला गावातली सगळी धुराडी दिसत आणि कुठे काय शिजतंय हे तो अचूक सांगे.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना त्याने आधाराला काडीला नेलं. बाईंनी काडीकडे पाहून विचारलं, "पेशंट हे का?"

"नाही, हे माझं राहिलेलं हाड," मजला म्हणाला. "बाई, मी हावरट आहे. आई म्हणायची, बायको म्हणते. तोंडावर ताबा नाही."

"हावरट वगैरे काही नाही," बाई म्हणाल्या. "पोट भरलं की पोटाने डोक्याला निरोप धाडायचा असतो. काहींचा लगेच पोचतो, काहींचा पोचेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं. तुमचा उशिरा पोचतो. आणि सांगून ठेवते, वजन उतरायला लागलं की भूक आणखी खवळेल. शरीराला वाटतं, दुष्काळ पडला."

मजला थक्क झाला. सत्तेचाळीस वर्षं तो स्वतःला गुन्हेगार समजत होता आणि इथे नुसता खुणा करणारा गैरहजर निघाला!

"काड्या," बाहेर येताच तो म्हणाला, "आज रात्री घरी जेवायला ये."

काडी गेला. वहिनींनी पाव, बटाट्याचा रस्सा आणि उकडलेली अंडी मांडली. मजल्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा बटाट्याकडे हात नेला, आणि समोर बसलेल्या काडीने उजवा हात आडवा केला. मजल्याचा हात हवेत थांबला. बटाटा चमच्यात. रस्सा टपटपला. 

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं मी घसा फोडतेय, आणि यांनी नुसता हात आडवा केला! भाऊजी, उद्यापासून दोन्ही वेळा इथेच जेवायचं."

वहिनींनीही एकदा ती खूण करून पाहिली. मजला म्हणाला, "तुझा हात फार वर गेलाय," आणि अंडं खाल्लं.

तेव्हापासून काडीची नेमणूक पक्की झाली. मजल्यासाठी थांबवलेलं वाया जाऊ नये म्हणून ते काडीने संपवायचं असं ठरलं. तो तीन महिने दोन माणसांचं जेवला आणि पट्ट्याचं एक भोकही पुढे सरकलं नाही. मजला ते बघून रडवेला होई. "अरे, जातं कुठे? तुझ्या पायांना तळ आहे ना?"

मजला उतरत होता, पण बाईंचं दुसरं बोलणंही खरं ठरत होतं. वॉकीटॉकीवरून सकाळी नवापासूनच आवाज येई, "काड्या, त्या विटा केकसारख्या दिसतायत रे." एके दिवशी अकरा वाजता क्रेन विटांची थप्पी घेऊन भलत्याच दिशेला वळली आणि थेट कॅन्टीनच्या छपरावर येऊन डुलायला लागली. काडी दोन्ही हात फेकत धावला. विटा थांबल्या.

"मी नाही रे नेल्या," वरून केविलवाणा आवाज आला. "वास आला आणि हात आपोआप फिरला."

काडीने इंजिनियरसाहेबांना सांगितलं, वारा होता.

तपासणीच्या दिवशी काटा एकशेनऊ किलो सहाशे ग्रॅमवर थांबला. मजल्याने काडीला उचलून एक गिरकी मारली, मग बाईंनाही विचारलं, पण त्या नको म्हणाल्या. रात्री वहिनींनी ओट्यावर मावेना इतकं रांधलं. मजला जेवायला बसला, आणि तीन महिन्यांच्या सवयीने एकदा काडीकडे बघून थांबला. डोळ्यांत अशी भूक होती की काडीला ती आपल्याच पोटात लागल्यासारखी वाटली. काडीने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि तो त्यांच्यावर बसून राहिला.

"बघा हं भाऊजी," वहिनी पुटपुटल्या.

"एकच दिवस, वहिनी."

मजला रात्री साडेनऊपर्यंत जेवला. गात, हसत, मधेच टाळ्या वाजवत.

पुढच्या महिन्यात कंपनीने काडीला नदीपलीकडच्या कामावर पाठवलं. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत मजला एकशे सव्वीस किलो भरला. सध्या तो बांधकामाच्या फाटकावर ट्रकचे नंबर लिहून घेतो.