निधनवार्तेचा सराव

पत्रकारितेच्या पदविकेची सराव परीक्षा तोंडावर आली होती आणि मी अभ्यासाला म्हणून पुण्याहून गावी, भऱ्याला, घरी आले होते. रेडिओसाठी बातमी लिहिणं हा माझा कच्चा विषय. सर म्हणायचे, लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जिथं दम लागेल तिथं वाक्य तोडा. आणि निधनवार्ता पक्की करा, ती हमखास येते. ज्याची खडान्‌खडा माहिती आहे असा ओळखीचा माणूस घ्या.

मी वडील घेतले. ते गावचे माजी सरपंच. विहीर, शाळेची खोली, रस्त्यासाठी घातलेले हेलपाटे, सगळं मला पाठ. त्या दिवशी आई खळ्यावर भात झोडायला गेली होती आणि वडील पौडला कचेरीत. घर मोकळं. मी दार लोटलं, घसा साफ केला आणि रेडिओवरच्या बाईंसारख्या संथ, ठाशीव आवाजात सुरुवात केली. वडिलांचं नाव, मग ‘भरे गावचे माजी सरपंच यांचं आज सकाळी अल्पशा आजारानं निधन झालं.’ दम लागला, वाक्य तोडलं, पुन्हा वाचलं. दर वेळी आणखी झोकात. मला माझ्याच आवाजाचं कौतुक वाटायला लागलं होतं.

शेजारच्या काकू ताक मागायला आल्या होत्या, त्या दाराबाहेरच थबकल्या. आमचा रेडिओ सदा मोठ्यानं लागलेला असायचा. आणि रेडिओ सांगतो ते खोटं असेल, ही शंकासुद्धा तेव्हा गावात कुणाला येत नसे. हातातला तांब्या पडला त्याचा आवाज मला आत आला. मांजर असेल म्हणून मी वाचतच राहिले. काकू खळ्याकडे धावत सुटल्या होत्या.

थोड्या वेळानं अंगणात कालवा झाला म्हणून दार उघडलं. निम्मी आळी उभी होती. मधोमध आईला दोन बायकांनी धरलं होतं. तिचं कुंकू पुसलेलं, कपाळभर फरपटलेलं. मनगटं उघडी आणि त्यांतून रक्त येत होतं. ज्या दगडावर ती भात झोडत होती, त्याच दगडावर तिनं दोन्ही हात आपटले होते.

“आगं, तुमच्या घरातच रेडिओ सांगत हुता की!” काकू रडत म्हणाल्या.

“मी वाचत हुते. परीक्षेसाठी. आण्णास्नी कायबी झालं न्हाई!”

कुणाचा विश्वास बसेना. पोरगी भ्रमिष्ट झाली असं एक जण म्हणालासुद्धा. मी हातातला कागद नाचवत राहिले आणि आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कुणी परकीच होते.

पौडची एसटी आली. वडील उतरले, दारात गर्दी बघून भराभर चालत आले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “कोण गेलं?”

शेवटी प्रकार कळला तेव्हा ते खो खो हसले. “मंजी माझं आयुष्य वाढलं म्हना!” मग सगळेच हसले. आई हसली नाही. तिनं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं, दोन्ही हात पदराखाली लपवले आणि ती आत गेली. वडिलांचं हसू तिथंच थांबलं. चहासुद्धा न घेता ते उलट पावली पिरंगुटला गेले आणि कासाराला सोबत घेऊनच आले. हातात चुडा भरेपर्यंत आई त्यांच्यासमोर आली नाही.

मग ती माझ्याकडे आली. माझं शिक्षण आज संपलं, असंच मी धरून चालले होते.

“परीक्षेत ह्येच लिवायचं आसतंय?”

“येईल बहुतेक.”

“मग त्येंची लिवू नगंस. माझी लिव.”

“आई, कायतरीच काय!”

“कुनाला मारायचंच आसंल तर मला मार. भरल्या हातानं जाईन.”

परीक्षेत तो प्रश्न आलाच. मी आईचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं आणि पेन थांबलं. वडिलांची बातमी पानभर झाली असती. जिच्या जिवावर आमची सारी शेती चालली, तिच्याबद्दल रेडिओनं सांगावं असं एक वाक्य मला सुचेना. तिचं वयसुद्धा मला माहीत नव्हतं. मी हादरून गेले. वेळ संपत आला तेव्हा निधनवार्तेच्या शेवटी जे लिहायची रीत असते ते लिहिलं आणि पेपर दिला.

घरी आल्या आल्या तिनं विचारलं, “माझी लिवलीस न्हवं? काय लिवलंस?”

सांगायची लाज वाटत होती. “पश्चात पती आणि मुलगी असा परिवार आहे.”

“पश्चात मंजी?”

“मागं.”

“मंजी मी म्होरं गेले, आन् मागं त्ये हायेत.”

“आई, एवढंच लिहिलंय गं. तुझं दुसरं काहीच मला—”

तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. मनगटावरची जखम अजून ओली होती. जखमेवर आलेल्या बांगड्या तिनं जरा वर सारल्या.

“झ्याक लिवलंस,” ती म्हणाली. “आनी काय पायजे?”