गुड फ्रायडेची दोन बोईटं

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता, आणि तोही वाजतगाजत. आईचा ताप उतरला, पण पेजेच्या दोन घोटांपलीकडे ती काही घेईना. डॉक्टर म्हणाले, "आता पोटात काही गेलं नाही, तर माझ्या हातात काही नाही." महिनाभर गुडघे टेकून मिळालं ते हे! ठाण्यातल्या आमच्या ख्रिस्ती वाडीत गुड फ्रायडेला मटण वर्ज्य, ताटात माशाचं कालवण हवंच. आमचे लोक त्या दिवशी होडी पाण्यात घालत नाहीत, म्हणून मासे गुरुवारीच आणून ठेवायचे. मी रागाने मुद्दाम मटण आणलं आणि शुक्रवारी त्याचं सूप केलं.

आईने वासावरूनच ओळखलं. "आज?"

"आजाऱ्याला सूट असते, आई. फादरच म्हणाले."

"मग फादरला पाज." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "बोईटाचं कालवण असेल तर जेवीन. नाहीतर अशीच जाईन."

वाटी आपटून मी बोईट मासा मिळतो का बघायला तरातरा कळव्याच्या खाडीवर गेलो. सगळ्या होड्या काठावर पालथ्या. मग आभाळाकडे हात करून मी जी खरडपट्टी काढली, ती नाटकातल्या खलनायकालाही शोभली असती. "एक म्हातारी सांभाळता येत नाही तुला?"

"ए, गला कशाला फोडतंस?" मागे एक बाई उभी. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, कपाळावर कुंकू, डोक्यावर टोपली, खांद्यावर पागाचं ओलं जाळं. मी रागारागातच सगळं सांगितलं. तीही भडकली. "आय उपाशी, आन् तू हितं भांडतंस? धर!" दोन बोईटं तिने माझ्या हातात कोंबली. "घरच्यापुरता पाग टाकलेला. पल आता!" नाव विचारेपर्यंत ती मिठागराच्या बांधावरून निघूनही गेली. पुढे खूप शोधली, सापडली नाही.

आई उठून बसली. कालवण-भात जेवली आणि "मीठ कुठंय?" म्हणून माझ्यावर डाफरली. इतका गोड ओरडा मी जन्मात खाल्ला नव्हता.

ती बाई कोण, यावर मी वाद घालत नाही. ज्याच्यावर ओरडत होतो त्याने ऐकलं, एवढं मला पुरे. राग मला अजून येतो, भरपूर येतो. पण आता ओरडून झालं की मी गप्प बसतो, आणि कुणी काही दिलं तर घ्यायला हात रिकामे ठेवतो.