कान्नो-सानची वांगी

माझी रसायनशास्त्रात पीएचडी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं त्याला अज्ञानाची सबब उरायला नको.

फुकुशिमातल्या डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका लहानशा गावात, कान्नो-सान एका जुन्या ऱ्योकानमध्ये कामाला होत्या. ऱ्योकान म्हणजे जपानी पद्धतीची उतरायची जागा. जमिनीवर चटया, जेवण खोलीत, गाद्याही तेच घालून देतात. आमच्या खोलीचं हे सगळं कान्नो-सान बघायच्या. वय बासष्ट-त्रेसष्ट, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि चालणं असं की आत कधी आल्या ते कळायचं नाही.

पहिल्यांदा गेलो ते २०१२च्या डिसेंबरात. धीरजच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, तोक्योतल्या तोयोसुच्या ऑफिसातले साहेब म्हणाले होते की भूकंपानंतर तिकडे कोणी फिरकत नाही, तुम्ही तरी जाऊन या. धीरजला साहेबांना नाही म्हणता येत नाही. मला येतं, पण मला विचारलंय कोणी. तोक्योतल्या आमच्या ओजिमा वस्तीतल्या आम्ही सगळ्या बायका तेव्हा भाजीच्या पिशवीवरचं प्रांताचं नाव वाचल्याशिवाय ती टोपलीत टाकत नव्हतो. फुकुशिमा दिसलं की पिशवी परत फळीवर. आणि मी निघाले होते तिथेच, तीन वर्षांच्या लेकीला, कादंबरीला, घेऊन.

गेल्या गेल्या मी सांगून टाकलं की आम्ही शाकाहारी, माशाचं पाणीसुद्धा चालत नाही. ते खरंच होतं. शिवाय जपानी स्वयंपाकात माशाचं पाणी बहुतेक सगळ्यात असतं, म्हणजे काहीच खायला नको, हा माझा शहाणपणा. मेथीचे पराठे आणि दाण्याची चटणी बॅगेत होतीच. कान्नो-सान गुडघ्यांवर बसून ऐकत होत्या. "म्हणजे तुम्हाला वाढता येईल असं आमच्याकडे काहीच नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

तिथल्या सामायिक हौदात अंगावर चिंधीही न ठेवता उतरावं लागतं. मी नुसती टॉवेल घेऊन घुटमळत होते. कान्नो-साननी ते बघितलं असणार. दुपारी दोनच्या सुमाराला मला बोलवून नेलं, बायकांच्या हौदाच्या दाराला 'सफाई चालू आहे' अशी पाटी लावली आणि स्वतः बाहेर स्टूल टाकून बसल्या. मी एकटीने तासभर पाण्यात बसले. बाहेर आले तर म्हणाल्या, "मालकीणबाईंना सांगू नका हं." माझ्यासाठी त्या बाईने पहिल्या भेटीत एवढं केलं.

त्यांची गोष्ट त्यांनी चहा ओतता ओतता तुकड्यातुकड्याने सांगितली. याच प्रांतात, समुद्राच्या बाजूला त्यांचं गाव होतं. नवराबायको भाजी पिकवायचे. अणुभट्टीच्या अपघातानंतर गाव रिकामं केलं. पहिल्याच हिवाळ्यात तात्पुरत्या घरात नवरा गेला. या ऱ्योकानमध्ये त्या आधी निर्वासित म्हणून आल्या होत्या, मग मालकीणबाईंनी कामालाच ठेवून घेतलं. एकुलती लेक नागोयाला, नवरा मोटारीच्या कारखान्यात, पाच वर्षांचा एक मुलगा. पूर्वी आईच्या घरून दर महिन्याला भाजीचं खोकं जायचं. आता लेक म्हणते, पाठवू नकोस आई, इकडे सगळं मिळतं.

"तिचं चुकत नाही," कान्नो-सान म्हणाल्या. "मूल लहान आहे. पण एकदा तरी तिने खोकं मागावं असं वाटतं." मग चहा माझ्यापुढे सरकवून, "तुम्ही उन्हाळ्यात या. मागे थोडी जागा आहे, तिथे मी वांगी लावते. मासे नाहीत, काही नाही. खाल ना?"

"का नाही खाणार," मी म्हणाले. "कादंबरी तर वांग्यांवर तुटून पडते." बोलायला काय जातंय.

पण त्यांनी खरंच लावली. पुढच्या सप्टेंबरात गेलो तर मागच्या अंगणात दोन ओळी वांगी, एक ओळ काकडी, कोपऱ्यात लाल भोपळ्याचा वेल. माती बाहेरून आणून घातलेली. प्रत्येक तोडा किरणोत्सर्गासाठी तपासून घेतलेला, त्याचा कागद त्यांनी किमोनोच्या पट्ट्यातून काढून माझ्यापुढे धरला. 'आढळले नाही.' मी तो वाचला. असल्या तपासण्यांचे कागद मी नोकरीत रोज बघते. त्याचा अर्थ मला त्या ऱ्योकानमधल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होता.

संध्याकाळी ताट आलं. परतलेली वांगी, खारवलेली काकडी, शिजवलेला भोपळा, सगळं समुद्रशेवाळाच्या पाण्यात केलेलं, एका थेंबालाही मासा लागलेला नाही. वाढून त्या बाहेर गेल्या, कारण पाहुण्यांना निवांत जेवू द्यायचं अशी तिथली रीत. दार सरकलं तशी मी झिपची पिशवी काढली.

"अगं, कागद आहे ना?" धीरज म्हणाला.

"कागद आहे. पोरगीही आहे."

त्याने तरी वांग्याची एक फोड तोंडात टाकली. बाकी सगळं मी पिशवीत भरलं. पानात टाकणं आमच्याकडे चालत नाही, आणि त्यांचं मनही मोडायचं नव्हतं. पिशवी ओजिमाला नेऊन टाकू, कोणाला कळायचंय. कादंबरीने विचारलं, "आई, ते काय?" मी म्हटलं, "कचरा आहे. हात लावू नकोस." आणि तिला पराठा भरवला.

ताटं उचलायला कान्नो-सान आल्या आणि रिकाम्या वाट्या बघतच राहिल्या. कादंबरीपुढची वाटी दोनदा कलती करून बघितली. मग पट्ट्यातून मोबाइल काढून विचारलं, "एक फोटो काढू? लेकीला पाठवते. चार वर्षांच्या मुलीने सगळं खाल्लं म्हणून." मी मान हलवली. त्या क्षणी बोलता आलं असतं. मी हसले.

सकाळी न्याहारीआधी त्या गाद्या उचलायला आल्या. मी केस विंचरत होते. आमची कादंबरी तोक्योच्या पाळणाघरात वाढलेली. तिथे मुलांना बोलायच्या आधी कचरा वेगळा करायला शिकवतात. तिने माझ्या बॅगेतून ती पिशवी काढली, दोन्ही हातांनी कान्नो-सानपुढे धरली आणि शहाण्या मुलीसारखी जपानीत म्हणाली, "हा जाळायचा कचरा आहे."

पिशवी आरपार दिसणारी होती. कान्नो-साननी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून म्हणाल्या, "थँक यू हं, किती हुशार." माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातला कंगवा केसातच राहिला.

न्याहारी अर्धा तास उशिरा आली. पाकिटातला ब्रेड, दुधाचं बंद खोकं, दही, केळी. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, स्वतः जाऊन आणलेलं. प्रत्येक पाकिटाचं लेबल आमच्या बाजूला वळवून ठेवलेलं. "दूध होक्काइदोचं. केळी फिलिपिन्सची. काळजी नसावी." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की आम्ही उपाशी जाऊ नये.

दोन वर्षांनी मीच हट्ट केला आणि आम्ही परत गेलो. वाटेत शंभर वेळा वाक्य घोकलं: या वेळी मी तुमच्या हातची वांगी खायला आले आहे. मागच्या अंगणात नवी डांबरी जागा होती. "वा, पार्किंग केलंय," धीरज म्हणाला आणि गाडी लावली. संध्याकाळी कान्नो-साननी आमच्यापुढे बंद पाकिटं मांडली, लेबलं आमच्या बाजूला. त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी वांग्यांचं विचारलं. "आता लावत नाही," त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात." मी घोकलेलं वाक्य सोडून समोरचं पाकीट फोडलं.

निघताना मालकीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या फोटोने कमाल केली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी नागोयाहून उत्तर आलं, एवढं लहान मूल खातंय तर आम्हालाही खोकं पाठव. आम्ही सगळे इतके खूश. पण कान्नो-साननी पाठवलंच नाही. लेकीला कळवलं की तो फोटो चुकीचा होता. काय चुकीचं होतं, आजपर्यंत सांगितलं नाही कोणाला."

धीरज गाडी घेऊन आला. ती ज्या डांबरावर उभी होती तिथेच वांग्यांच्या त्या दोन ओळी होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी कान्नो-सानपुढे वाकले, नको इतका वेळ वाकून राहिले. त्या म्हणाल्या, "कादंबरी-चान मोठी झाली. सावकाश जा."

पाहुणा दिसेनासा होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं अशी तिथली पद्धत आहे. रस्ता नदीकाठाने लांबवर सरळ जातो. आरशात त्या दिसत होत्या, हात वर.

"कसं होतं रे ते वांगं?" मी धीरजला विचारलं.

"गोड होतं," तो म्हणाला.

त्या अजून हात हलवत होत्या. मी म्हटलं, "जरा जोरात चालव. त्यांना हात खाली घेऊ दे."