पडद्यावरचा डाग

"ह्याच्यातबी हाय," वर्ना म्हणाली.

"कुठं?"

"मधोमध. घरच्या टीव्हीत हाय तसाच."

ऑर्लिन टोलफसननं टोपी मागं सारली आणि दुकानाच्या भिंतीवरच्या टीव्हीला नाक लावलं. हिरवं मैदान, पळणारी पोरं, सगळं धुतल्या बादलीसारखं लख्ख. डाग कुठंच नव्हता.

फुटबॉलचा शेवटचा मोठा सामना तोंडावर आला की अर्धं विस्कॉन्सिन टीव्ही घ्यायला निघतं. ऑर्लिन मात्र त्यासाठी आला नव्हता. बर्फ पडायला लागल्यापासून बायको, वर्ना, म्हणत होती, चित्राच्या मध्ये तपकिरी डाग येतो. ह्यानं काच व्हिनेगरनं पुसली. वायर हलवून बघितली. गुडघे कुरकुरत असताना छपरावर चढून अँटेना फिरवली. मोडलेलं एकतर हातानं नीट होतं, नाहीतर बदलून मिळतं, एवढ्यावर त्यानं आजवर गोठा चालवला होता.

दुकानातली ग्लेनिस त्यांच्याच चर्चमधली. ती म्हणाली, "वर्ना, तो सोड. हा सगळ्यात मोठा बघ. खेळणाऱ्याच्या नाकातला केसबी दिसतोय."

"मग नकोच. आमी जेवताना बघतो."

ग्लेनिस हसली. वर्ना मोठ्या टीव्हीपुढं जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

"ह्याच्यात डागबी मोठा हाय."

"सगळाच माल असला आणलाय व्हय गं?" ऑर्लिन ग्लेनिसवर घसरला. ती बोलणार होती, पण तिनं वर्नाच्या तोंडाकडं बघितलं आणि गल्ल्यावर काहीतरी काम असल्यासारखी तिकडं गेली.

तेव्हा ऑर्लिननं बायकोकडं नीट बघितलं. तिचं तोंड टीव्हीकडं नव्हतंच. मान जराशी वाकडी, नजर भलतीकडं. अशी मान त्यानं गोठ्यात रोज बघितली होती. म्हाताऱ्या ओल्गा गाईचा डावा डोळा गेल्यापासून ती अशीच उभी राहायची.

त्यानं हातमोजा काढला. जनावराचा डोळा बघायचा तर तळहात समोरून गपकन न्यायचा. दिसत असेल तर पापणी लवते. त्यानं हात नेला. वर्नाची पापणी लवली नाही. हात बाजूला सरकला, तसा तिनं तो धरला.

"मी तुजी गाय न्हाय, ऑर्लिन."

ऑर्लिननं हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

"कडंनं आलं की दिसतंय. समोरचं जातंय."

"कवापास्नं?"

"भजनाच्या पुस्तकात दिसायला लागला डाग. मग नाताळात लेफ्सा लाटायला बसले, तर त्या पोळीवरबी."

"मग टीव्ही बिघडला म्हून का सांगत हुतीस?"

वर्नानं कोटाचं बटण चाचपलं. "टीव्ही बिघडला तर दुसरा मिळतोय," ती म्हणाली. "हितं येईस्तवर मलाबी वाटत हुतं, टीव्हीच असंल."

भिंतीवर सगळ्या टीव्हींवर एकच पोरगं पळत होतं.

"डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ. पर आलोय तर घे एक. आवाज बरा असंल तो घे."

मग ऑर्लिननं एकेकाचा आवाज चढवायला लावला आणि वर्ना डोळे मिटून ऐकत राहिली. कोपऱ्यातल्या एका लहानशा टीव्हीपाशी थांबली. "हा. ह्यातला माणूस पिपात बसून बोलत न्हाय."

घरी आल्यावर ऑर्लिननं रोजचा टीव्ही उतरवला आणि नवा त्याच्या जागी, खालच्या जुन्या, लाकडी कपाटाएवढ्या टीव्हीच्या डोक्यावर ठेवला. तो लाकडी बंद पडला त्याला जमाना झाला, पण असलं फर्निचर तिकडं कोण टाकत नाही. नवा त्याच्यावर चढतो. वर्नानं आधी खालचा विणलेला रुमाल सारखा केला, मग बोटांनी नव्याच्या कडा चाचपल्या.

सामना लागला होता.

"सांग काय चाललंय."

"पळतोय."

"कोण?"

"आपला." तो जरा थांबला. "पडला."

"एवढा जन्म तुज्यासंगं काढला," वर्ना म्हणाली. "वाटायचं, तुला बोलायचं नसतंय. तुला येतच न्हाय की रं."

ऑर्लिन हसला. वर्नानं तोंड खिडकीकडं फिरवलं. रुसली, असं त्याला वाटलं. मग ध्यानात आलं, ती त्याच्याकडंच बघत होती. त्याला बघायचं तर तिला तोंड फिरवावं लागत होतं.

तो बसून राहिला. बाहेर गाई हंबरायला लागल्या.

"जा," ती म्हणाली. "त्या थांबायच्या न्हाईत."

त्यानं बूट चढवले. गोठ्यात शेवटच्या दाव्याला ओल्गा होती. तिच्या डाव्या अंगानं जायचं तर आधी बोलावं लागायचं. नाहीतर दचकून लाथ मारायची.

"मी हाय गं," ऑर्लिन म्हणाला. त्यानं परत म्हटलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वाकून आचळं धुवायला घेतली.