भट्टी गार होईपर्यंत

भट्टीकाकांना घाई म्हणून माहीत नव्हती. चहासुद्धा बशीत ओतून त्यावर साय धरेपर्यंत बघत बसायचे. धाराशिवात आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं दुकान आणि घर. काचेच्या नळ्या गॅसच्या जाळावर वाकवून ते निऑनच्या पाट्यांची अक्षरं करायचे. वाकवलेल्या नळ्या विजेच्या भट्टीत ठेवायच्या आणि भट्टी आपोआप गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा त्यांचा धर्म. "वारं लागलं की तडकलंच बघा सगळं," म्हणायचे.

काकी पक्क्या फटकळ. "लग्नाला जावं तर पंगती उठतात, तरी ह्यांची भट्टी गरमच!" आम्ही बायका हसायचो, काका मिशीतल्या मिशीत हसायचे. पण काकींनीही त्या दाराला कधी हात लावला नाही.

एका नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या लॉजची मोठी पाटी भट्टीत होती. दुपारी काकींच्या छातीत कळ आली. मी म्हटलं, "काका, रिक्षा बोलावते." त्यांनी भट्टीच्या उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडं बघितलं. "पोरी, जरा दम धर. गार झाली की निघूच." आणि एरवी कडाकडा बोलणाऱ्या काकी घाम पुसत म्हणाल्या, "थांबते की. पित्त असंल. केलेलं काम कशाला फोडता?"

निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं." भट्टीतली एकही नळी तडकली नव्हती. मला त्या नळ्यांचा अजून राग येतो.

काकांनी भट्टी पुन्हा लावली नाही. तशाही एलईडीच्या पाट्या आल्याच होत्या. चहा मात्र उकळता प्यायला लागले. जीभ भाजायची, तरी तसाच.

मागच्या वर्षी माझ्या सासूबाईंना भोवळ आली, डावा हात उचलेना. रिक्षा दारात आली, तरी मी म्हणत होते, "तव्यावरची भाकरी तेवढी काढते." काका तरातरा आत आले, गॅस बंद केला आणि ओरडले, "करपू दे, फुटू दे, काय व्हायचं ते होऊ दे! चल आधी!" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

सासूबाई वाचल्या. सांगायला गेले, तर काका बंद भट्टीला टेकून बसलेले.

"डॉक्टर काय म्हणले?"

"वेळेत आणलं म्हणाले, काका."

त्यांनी मान हलवली. मग भट्टीच्या दाराला कपाळ लावून ढसाढसा रडायला लागले.

"तिनं भांडायचं व्हतं माझ्याशी," म्हणाले. "रोज भांडायची. त्याच दिवशी न्हाय भांडली."